कंसातल्या ओळी

३ सप्टेंबर, मंगळवार

हा माणूस मला दुसऱ्याच पानावर नावडला. पुस्तकही वाईट असतं तर प्रश्न मिटला असता. ते तसं नाही, हीच पंचाईत.

वाचनालयात अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला लागले त्याला दोन वर्षं झाली. कादंबऱ्या झाल्या, प्रवासवर्णनं झाली, मधमाश्यांवरचं एक आख्खं पुस्तक झालं — पण मध्येच पुस्तक पालथं घालून पाणी प्यावंसं वाटलं ते आजच. विषय मदतीचा. माणूस माणसाला मदत का करतो, आणि ज्याला मदत होते त्याचं पुढे काय होतं. किती चांगला विषय! आणि सुरुवात अशी — ‘या विषयावर आजवर जे लिहिलं गेलं ते वाचण्यात मी चार वर्षं घालवली. तुम्ही घालवू नका. मला वाचा.’ पुढच्याच पानावर — ‘सुस्त वाचकाने इथे थांबून हा परिच्छेद पुन्हा वाचावा.’

आता हे मी माझ्या तोंडाने म्हणायचं. ऐकणारा कुठेतरी खुर्चीत बसलेला असणार. त्याला लेखक दिसत नाही, मी दिसत नाही. त्याच्या कानात जाऊन त्याला सुस्त म्हणणारी मीच की! कान तापले माझे.

काचेपलीकडचा — यंत्र सांभाळतो तो, बारा महिने सर्दी — हेडफोन सारून म्हणाला, "काकू, आवंढा गिळलात. परत घ्या."

परत घेतलं. दुसऱ्या वेळचं ‘सुस्त’ जास्तच ठसक्यात आलं.

घरी येऊन ताईला सांगितलं. म्हणाली, "तुला कोण सोयरीक करायला सांगतंय त्याच्याशी? वाच आणि ये."

५ सप्टेंबर, गुरुवार

दुसरं प्रकरण झालं. तोच तोरा. तळटीपांतूनही कुणाकुणाला चिमटे काढतो.

घरी आले तर दाराखालून सरकवलेलं पाकीट. नेत्र रुग्णालयाचं. ताई खुर्चीत सरसावून बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर. "वाच."

ताईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, मधलं नाही. दार दिसतं, दारात कुणी उभं आहे हे दिसतं, तोंड दिसत नाही. अक्षर तर नाहीच. आणि ही बाई छत्तीस वर्षं मोजणी कार्यालयात नकाशे काढत होती. केसासारखी रेघ. नदीची निराळी, पायवाटेची निराळी.

पत्रात लिहिलं आहे: मधली नजर परत येण्याची शक्यता नाही. यापुढे उपचारांचा उपयोग होणार नाही, ते थांबवावेत. रुग्णालयाच्या प्रशिक्षण केंद्रात तीन महिने राहून काठी, बोलणारा संगणक आणि स्वयंपाक शिकवतात, तिथे आपल्यासाठी एक जागा राखून ठेवली आहे. संमती वीस तारखेपर्यंत, कार्यालय बंद होण्याआधी कळवावी.

मी वाचलं ते असं: प्रगती सावकाश आहे. डोळ्यांना विश्रांती द्यावी. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे.

उभ्या उभ्या, एका दमात. कुठे अडखळले नाही. दोन वर्षांचा सराव.

"सहा महिने ना?" ताई म्हणाली. "काढू की. सहा महिने म्हणजे काय!" आणि उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. गुणगुणत होती.

पत्र या वहीत ठेवलंय.

६ सप्टेंबर, शुक्रवार

काल नाही सांगितलं कारण ती पत्राची वाट बघून थकली होती. आज नाही सांगितलं कारण ती आनंदात होती.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज एक गोष्ट केली. करायची असं ठरवलं नव्हतं.

तिसऱ्या प्रकरणात तो म्हणतो, ‘अर्थात, ज्यांची बुद्धी शाळेतच थांबली त्यांना हे समजणार नाही.’ मी ते वाक्य वाचलंच नाही. एका श्वासात पुढच्या ओळीवर. काचेपलीकडच्याने मान वर केली नाही. त्याच्यासमोर पुस्तक नसतंच, तो फक्त पान उलटल्याचा, खुर्ची करकरल्याचा आवाज पकडतो. मग पुढे ‘मूर्ख’ गाळला. ‘माझ्याआधीच्या आंधळ्या अभ्यासकांना’ आलं तिथे फक्त ‘आधीच्या अभ्यासकांना’. ऐकणार कोण आहेत, याची तरी लाज बाळगावी माणसाने! बाकी सगळं जसंच्या तसं, फक्त आवाज मऊ ठेवला. विचार तेच राहिले, आणि ऐकायला बरे झाले. त्या माणसाला आंघोळ घालून स्वच्छ कपडे घातल्यासारखं वाटलं.

ही सवय माझी आजची नाही. कॉन्व्हेंटमध्ये रात्रीच्या जेवणाला एक मुलगी उंच स्टुलावर बसून वाचायची आणि बाकीच्या मुकाट जेवायच्या. सातवीपासून ते काम माझ्याकडे होतं. पुस्तक हातात यायचं तेव्हा सिस्टरांनी त्यात आधीच पेन्सिलीने कंस केलेले असायचे. कंसातलं वाचायचं नाही. "मुलींना झेपत नाही सगळं," म्हणायच्या. कुणाचं बाळ दगावलं, कुणी कुणाला टाकून गेलं, ते सगळं कंसात. ती पेन्सिल इतकी फिकट की स्टुलावरच्या दिव्याखाली पुस्तक जरा कलतं धरावं लागे. आणि वाचताना मध्ये उडी मारलेली कुणाला कळू द्यायची नाही — दोन वाक्यं अशी जोडायची की शिवण दिसू नये. सिस्टर पाठीमागून खांद्यावर हात ठेवायच्या. सुपाची वाफ, साबणाचा वास, ऐंशी मुलींचे चमचे. मला वाटायचं, सगळ्यांना मीच जेवू घालतेय.

कोपऱ्यातल्या एका टेबलावरच्या मोठ्या मुलींना त्या कंसांतलं काय आहे ते नेहमी माहीत असायचं. कसं, कोण जाणे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

चौथं प्रकरण. आजही गाळत गेले. आता हात बसला आहे.

पण त्यातली हकीकत विसरता येत नाही. एका वृद्धाश्रमात चहा कपांत ओतून देत असत. एकदा किटल्या नुसत्याच टेबलांवर ठेवून दिल्या, ज्याचा त्याने ओतून घ्यावा. चहा सांडला, भाजलं, टेबलक्लॉथ धुवायचं काम तिप्पट झालं. आणि दुपारची बोलणीही वाढली! आधी जेवणघरात आवाज नसायचा. आता भांडणं — तू साखर जास्त घेतलीस, किटली इकडे दे. दोन महिन्यांनी व्यवस्थापकांनी दया येऊन किटल्या काढून घेतल्या. पुन्हा शांतता.

यावर त्याचं भाष्य — ‘दयाळू माणसाइतका सफाईदार चोर मी पाहिलेला नाही. तो तुमचं पाकीट घेत नाही. तो तुमचा निर्णय घेतो, आणि वर तुमच्याकडून आभार घेतो.’

हे वाचलं. चोराऐवजी ‘नुकसान करणारा’ म्हटलं.

संध्याकाळी ताईच्या कपात चहा ओतताना हात थांबला. किटली तशीच तिच्यापुढे सरकवली.

"हे काय?"

"घे की तुझा तू."

"आज संपावर आहेस का?" पण घेतला. कपाच्या काठावर बोट ठेवून, चहा बोटाला लागेपर्यंत. जरासा बशीत सांडला. मी फडकं घेऊन धावलेच. "बस गं," ताई म्हणाली, "बशी कशाला असते?"

कुठे शिकली हे बोट ठेवायचं? मी कधी पाहिलं नव्हतं.

तो माणूस असा का लिहितो? खरं बोलणाऱ्याने असं बोललंच पाहिजे का? की असं बोलणाऱ्यालाच खरं दिसतं? आणि मग सिस्टर? काही कळत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

समोरच्या घरातली शिवणवाली पडद्यांचं माप घ्यायला आली होती. ताईचं आणि तिचं गूळपीठ. तिच्या ओळखीचा एकजण दृष्टिहीनांसाठी घडीच्या काठ्या विकतो. म्हणाली, "ताई, एक आणून देऊ? हलकी असते, पर्समध्ये मावते."

"नको गं बाई. सहा महिन्यांनी डोळे आले की काय करू तिचं? पडदे टांगू?"

दोघी हसल्या. मी टेपचं दुसरं टोक धरून उभी होते.

दुपारी ताई पलंगावर डोळे मिटून पडून राहते, तासभर. झोपत नाही. पत्रात विश्रांती लिहिली आहे ना!

पाच दिवस राहिले.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ताई इथे. तिची नजर तेव्हा नुकती उतरायला लागली होती, संध्याकाळचं अंधुक दिसायचं. मीच म्हटलं, एकटी राहू नकोस, ये माझ्याकडे. स्वतःचं घर विकून आली. वाचनालयातही तिनेच धाडलं मला. "आवाज बरा आहे तुझा, घरात वाया जातो." सकाळी माझ्या आधी उठते, खोलीच्या दाराशी येऊन विचारते, "ठमे, उठलीस का?" मी उठेपर्यंत हलत नाही. या वयात मला ठमी म्हणणारं दुसरं कोण आहे? तीन महिने सकाळी दाराशी कुणी नसेल. हेही त्या पत्रात आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं नाही, पण आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

पकडली गेले.

मागणी करणाऱ्या वाचकाला प्रकरणं तयार होतील तशी पाठवतात. या पुस्तकाची मागणी एकाचीच, एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. तीस वर्षं एका कारखान्याचा फोन जोडून दिला, जन्मापासून दिसत नाही. आज स्वतः आला होता, काठी दाराला टेकवून बाकावर बसलेला.

"बाई, एक शंका आहे. हा लेखक तिसऱ्या प्रकरणात एकदम सुधारला कसा?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"प्रस्तावनेत मला सुस्त म्हणाला. दुसऱ्या प्रकरणात माझ्या सगळ्या पिढीला बिनडोक म्हणाला. मला मजा आली. म्हटलं, येऊ दे, पुढच्या प्रकरणात मी याला धरतो. आणि तिसऱ्यात हा एकदम पाहुण्यासारखा बोलायला लागला. मध्ये आजारी पडला होता का?"

काचेपलीकडचा शिंकला. बहुतेक हसला.

ऑपरेटर माझ्या दिशेला वळला. मग म्हणाला, "तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेत मी. माणूस काय गिळतोय ते कळतं. तुम्ही श्वास घेता ना, तो वाक्याच्या शेवटी असतो. परवा चार-पाच ठिकाणी श्वास वाक्याच्या आधीच घेतलात. तिथे काहीतरी होतं."

"अपमानकारक होतं," मी म्हटलं.

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं की! माझं वाईट वाटणं तुम्ही कशाला वापरता? बाई, मला त्याच्याशी भांडायचं होतं. तुम्ही त्याचे दात काढून माझ्यापुढे बसवलंत. आता मी बोळक्याशी भांडू?"

रागावलेला नव्हता, हेच जास्त लागलं. जाताना म्हणाला, "विचार तर पटतायत. पण ते त्याचे किती आणि तुमचे किती, ते आता मला समजेनासं झालंय."

वाचनालयाच्या बाईंनी तिसरं-चौथं प्रकरण गुरुवारी पुन्हा घ्यायला सांगितलं. भिंतीवरची पाटी दाखवली नाही, पण मीच वर पाहिलं. ‘छापलेले तेवढे, आणि छापलेले सर्व.’ दोन वर्षं त्या पाटीखाली चपला काढतेय.

१८ सप्टेंबर, बुधवार

ताईने विचारलं, "काल काय झालं? जेवली नाहीस."

"पुन्हा वाचायचंय काही पानं."

"चुकलीस?"

"गाळलं."

"का?"

"टोचत होतं."

ताई हसली. "त्याला टोचायचं असेल. तू कोण मधे उशी ठेवणारी?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. दार उघडं होतं की अगदी! मी विचारलं, भाजी चिरू का.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा वाचलं. सगळं. ‘मूर्ख’ला मूर्ख, ‘आंधळे’ला आंधळे, स्वल्पविरामाला स्वल्पविराम. आवाजात राग नाही, माया नाही. अशा वाचनाने मला वाटलं होतं पुस्तक ओरबाडेल. उलट, तो माणूस जरा लहान झाला. अहंकारी आहे, तर आहे. मी झाकत होते तेव्हाच तो मोठा वाटत होता.

आणि मग, चौथ्याच्या शेवटी, मी गेल्या आठवड्यात गाळलेलं हे — पान अठ्ठ्याऐंशी, वर —

‘मदत करणाऱ्याला मदतीची भूक असते. त्याच्यापुढे धडधाकट माणूस बसवा. तो आधी त्याला पांगळा समजेल, मग त्याला उचलेल, आणि मग खाली ठेवायला तयार होणार नाही, कारण खाली ठेवलं तर स्वतःचे हात रिकामे दिसतील. ज्याला आपण आधार देतो म्हणतो, बहुधा त्याच्याच आधाराने आपण उभे असतो. हे ज्याला पटत नाही त्याने पुस्तक मिटावं, मला त्याची गरज नाही.’

काचेपलीकडचा म्हणाला, "काकू, थांबलात का? छान चाललं होतं."

पुस्तक मिटावंसं फार वाटलं. पण तो म्हणतो म्हणून मिटवायचं? तेही नको.

तो बरोबर असेल तर मी वाईट. तो चूक असेल तर मी आठ दिवस एका पुस्तकाला उगाच घाबरले. तो बरोबर असून वाईट असेल तर? बसमध्ये तीनदा हिशेब मांडला, तीनदा निराळं उत्तर.

उद्या वीस.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी — नाश्ता झाल्यावर सांगेन. नाश्ता झाल्यावर — ताई केस धुवायला गेली. दुपारी ती डोळे मिटून पडली होती, सहा महिन्यांची विश्रांती. मी पत्र घेऊन पलंगाशी उभी राहिले आणि परत आले. चारला शिवणवाली पडदे घेऊन आली, बसली, चहा झाला. ती गेली तेव्हा पाच वाजून गेले होते.

आता लिहिताना कळतंय, मी ती जायची वाट बघत नव्हते. पाच वाजायची बघत होते.

सव्वासहाला म्हटलं, "ताई, रुग्णालयाचं पत्र परत वाचते."

"परत कशाला? ऐकलंय की."

"सगळं नव्हतं वाचलं."

वाचलं. काल वाचलं तसं. ताईचे हात गुडघ्यांवर. संपल्यावर म्हणाली, "तारीख परत वाच."

वाचली.

"आज काय तारीख?"

"वीस."

"वाजले किती?"

सांगितलं.

"आणि कार्यालय किती वाजता बंद होतं? खाली लिहिलेलं असेल."

"पाच."

रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मी हात पुढे करून तयारच होते. मग म्हणाली, "पंधरा दिवस. रोज दुपारी डोळे मिटून पडत होते मी, लहान पोरासारखी. शहाण्यासारखं वागलं की खाऊ मिळेल म्हणून. तू बघत होतीस."

"हो."

"दारातून?"

"हो."

"नजर जाणार हे मला सांगायला डॉक्टर कशाला हवा होता, ठमे? मला रोज सकाळी कळतं ते. पण कागदावर ‘सहा महिने’ आहे म्हटल्यावर मी माझ्या डोळ्यांना खोटं पाडलं. कागदावर विश्वास ठेवला. जन्मभर कागदावरच विश्वास ठेवलाय मी."

मी म्हटलं, तुला धक्का बसला असता.

"बसू द्यायचा होतास. माझा होता तो." मग उठली, भिंतीला हात लावत खोलीकडे गेली. दाराशी थांबून म्हणाली, "तो तुझा लेखक कितीही शिष्ट असू दे. निदान तोंडावर बोलतो."

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळी दाराशी कुणी आलं नाही. साडेनऊपर्यंत पडून होते.

उठले तर ताई चप्पल घालून तयार. हात पुढे करून म्हणाली, "पत्र दे." दिलं. दंड धरायला गेले तर झटकला नाही, नुसता बाजूला घेतला. पायऱ्या मोजत उतरली, रस्त्याच्या कडेला थांबून कान दिला, ओलांडला. मी खिडकीत. शिवणवालीचं दार उघडेपर्यंत गज सोडला नाही.

पडली नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

केंद्राला शिवणवालीकडून फोन केला म्हणे. जागा शनिवारी सकाळीच दुसऱ्या कुणाला दिली. ‘लेखी कळवून ठेवा, कुणी गळालं तर बघू.’ म्हणून आज पत्र लिहिलं, ताईने सांगितलं, शिवणवालीने उतरवून घेतलं. माझ्याकडून फक्त पाकीट मागितलं.

मी काही विचारलं नाही. मी पत्रांचं काय करते ते आता घरात माहीत आहे.

ताई बोलते, पण कामापुरतं. मीठ दे. नळ चालू राहिलाय. गॅस बंद केलास का — हे मात्र दिवसातून तीनदा, पूर्वीसारखंच.

२६ सप्टेंबर, गुरुवार

पुस्तक संपलं. मला आशा होती, शेवटी कुठेतरी नमेल. लोक नमतात शेवटी — बायकोचे आभार, आईचे, टंकलेखकाचे. आभारांचं पानच नाही! शेवटची ओळ — ‘पटलं नसेल तर दोष कुणाचा हे सांगायची गरज नाही.’ वाचली. पूर्णविरामासकट.

टेलिफोन ऑपरेटर बाकावर होता. नवं तिसरं-चौथं ऐकून आला होता, खूश. "आता कसं! चौथ्या प्रकरणात बावीस ठिकाणी चुकलाय तो. किटल्यांचं खरं आहे, पण त्यावरून जे म्हणतो ते अर्धंच खरं. मला रस्ता ओलांडून देणारे सगळेच चोर नाहीत. काही नुसतेच घाईत असतात."

मी विचारलं, "चौथ्या प्रकरणाच्या शेवटाबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"आधार देणाऱ्यालाच आधार लागतो, ते? ते उद्धटपणे म्हणालाय."

"पण खरं आहे का?"

त्याने जरा विचार केला. "बाई, ते मला कसं कळणार? मी कधी कुणाला दिला नाही. ज्यांनी दिला त्यांना विचारा."

२९ सप्टेंबर, रविवार

चहा ज्याचा तो ओतून घेतो. सांडतं ते माझंच.

१ ऑक्टोबर, मंगळवार

केंद्राचं पत्र आलं. शिवणवालीला बोलावून वाचून घेतलं, मी स्वयंपाकघरात दुधापाशी. तिचं वाचन म्हणजे शिलाई मशीनच, एका सुरात, ओळ संपेल तिथे धागा तोडायचा. एक उमेदवार गळाल्यामुळे जागा आहे. पाच तारखेला हजर व्हावे. मग न थांबता पुढचं — ‘आपल्या धाकट्या भगिनी पतिनिधनानंतर एकट्या राहू शकत नाहीत व त्यांच्यासाठीच आपण स्वतःचे घर विकून गेली तीन वर्षे त्यांच्याकडे राहत आहात, तरी त्यांचीही राहण्याची सोय व्हावी, ही आपली विनंती नियमात बसत नाही. क्षमस्व.’

ताईने तिला मध्ये थांबवलं नाही. नंतर हाक मारली, "ठमे, ऐकलंस ना सगळं? मग सांग. राहशील का एकटी?"

हो म्हणणार होते. तोंडात आलंच होतं, मऊ करून.

म्हटलं, माहीत नाही.